पोर्टलेट: दुसऱ्याच्या वाड्यातलं बिऱ्हाड

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, बहीण माहेरी आली, सोबत भाचाही. अंगणात चूल पेटलेली, चुलीवर उपडं खापर, खापरावर हातभर मांडा, आणि हा पठ्ठ्या ओट्यावर लॅपटॉप उघडून बसलेला. पुण्यात नोकरीला लागून सहा महिने झालेत आणि वाट्याला आली आहे एका जुन्या प्रणालीची देखभाल. "मामा, हे पोर्टलेट म्हणजे काय? कोडमध्ये जिथं तिथं तेच आहे आणि ऑफिसात कुणाला धड सांगता येत नाही."

चुलीपाशी बसलेल्या माझ्या आईनं विचारलं, "हाई काय नवं शे?"

"काही नही माय, भाडानी खोली शे."

थट्टेत बोललो खरा, पण पोर्टलेटची याहून चांगली व्याख्या मला आजवर सापडलेली नाही. (तसं आमच्या अमळनेरला सॉफ्टवेअरचं नवल नाही. विप्रो १९४५ साली इथंच सुरू झाली, तेही वनस्पती तूप काढायला.) भाच्याला जे सांगितलं तेच इथं लिहितो. अर्धं तंत्राचं आहे. उरलेलं अर्धं त्या वादाचं आहे, जो जावा या प्रोग्रॅमिंग भाषेतल्या जवळपास प्रत्येक वेब फ्रेमवर्कच्या (वेब प्रोग्रॅम लिहायला मिळणाऱ्या तयार सांगाड्याच्या) मंडळींत कधी ना कधी झाला: आपल्या फ्रेमवर्कमध्ये पोर्टलेटची सोय करायची की नाही?

आधी पोर्टल. २००० नंतरच्या दशकात मोठ्या कंपन्या, बँका, विद्यापीठं यांना आपल्या माणसांसाठी एकच दार हवं होतं. सकाळी यायचं, एकदा लॉगिन करायचं आणि समोर एक पान: एका चौकटीत शिल्लक रजा, दुसरीत नोटिसा, तिसरीत मंजुरीसाठी अडकलेली बिलं, कोपऱ्यात हवामान. घरगुती नमुना आठवायचा तर आयगूगल आठवा, २०१३ साली बंद झालं ते. हे अख्खं पान म्हणजे पोर्टल आणि त्यातली एकेक चौकट म्हणजे पोर्टलेट. गंमत अशी की रजेची चौकट एका टीमनं लिहिलेली, बिलांची दुसऱ्या टीमनं, आणि दोघींची आयुष्यात भेट झालेली नाही.

सुरुवातीला प्रत्येक पोर्टल विकणाऱ्याची पद्धत वेगळी होती. एकाच्या पोर्टलसाठी लिहिलेली चौकट दुसऱ्याकडे चालायची नाही. म्हणून ऑक्टोबर २००३ मध्ये जावाच्या जगानं एक मानक ठरवलं, जेएसआर १६८ (जेएसआर म्हणजे जावाच्या मानकाचा प्रस्ताव, पुढचा आकडा त्याचा क्रमांक), म्हणजेच पोर्टलेट १.०. त्याचा नमुना म्हणून अपाची या मुक्त सॉफ्टवेअर बनवणाऱ्या संस्थेचं प्लूटो आलं, आणि आयबीएमच्या वेबस्फिअरपासून लाइफरे, जेट्स्पीडपर्यंत सगळे ते मानक पाळायला लागले.

आता वाडा. आमच्या आजोबांच्या वाड्यात चार बिऱ्हाडं होती. दिंडी दरवाजा एकच. बिऱ्हाडकरूला आपल्या खोलीत काय हवं ते करता यायचं, पण दरवाज्याचा रंग, अंगणातला नळ, पाटी कुणाची लागणार, हे सगळं आजोबा ठरवायचे. आणि मुख्य म्हणजे पत्ता. बिऱ्हाडकरूंची पत्रं यायची त्यावर त्यांचं नाव, खाली 'मार्फत' आणि मग आजोबांचं नाव. पोस्टमन खोलीपर्यंत जायचा नाही. तो दिंडीत पत्र द्यायचा, पुढचं काम आजोबांचं.

सर्व्हलेट, म्हणजे जावातला नेहमीचा वेब प्रोग्रॅम, हा स्वतःच्या घरात राहणारा माणूस आहे. ब्राउझरची विनंती थेट त्याच्या दारात येते, अख्खं पान तो छापतो, पत्ते तोच ठरवतो. पोर्टलेट बिऱ्हाडकरू आहे. त्याला एचटीएमएल, हेड, बॉडी हे टॅग लिहायला परवानगी नाही, कारण पान त्याचं नाही. त्यानं फक्त आपला तुकडा द्यायचा. दुवा बनवायचा तर स्वतः पत्ता लिहायचा नाही, पोर्टलकडे मागायचा. पोर्टल जो पत्ता देतं तो लांबलचक आणि दिसायला भयंकर असतो, कारण त्यात बाकीच्या चौकटी कुठल्या अवस्थेत आहेत तेही भरलेलं असू शकतं. तो 'मार्फत'चाच पत्ता.

इथवर कुणालाही कळतं. खरी अडचण पुढं आहे, आणि ती मला कुणी पुस्तकातून नव्हती शिकवली.

पोर्टलेटचं काम दोन फेऱ्यांत होतं. पहिला फेरा ॲक्शनचा, दुसरा रेंडरचा. समजा, घरातल्या सगळ्यांचा एकत्र फोटो काढायचाय. एकाचा शर्ट मळलाय. तो आत जाऊन शर्ट बदलून येतो, हा ॲक्शन. फक्त त्या एकट्याचा. मग सगळे पुन्हा ओळीत उभे राहतात आणि फोटो निघतो, हा रेंडर, सगळ्यांचा. कुणी शर्ट न बदलताही फोटो दहा वेळा काढता येतो, पान रिफ्रेश केलं की तेच होतं. म्हणून रेंडरच्या फेऱ्यात कामाला हात लावायचा नाही, फक्त तोंड दाखवायचं. पैसे वळते करण्याचं काम रेंडरमध्ये लिहून ठेवलं, तर शेजारच्या चौकटीत कुणी हवामान बघितलं की पैसे पुन्हा वळते होतील.

कल्पना चांगली आहे. २००८ साली मी हिच्यात आपटलो.

शेतकऱ्यांच्या नोंदणीचा साधा फॉर्म होता. नाव, गाव, मोबाइल नंबर. नंबर नऊ आकडी भरला तर लाल अक्षरांत 'नंबर दहा आकडी हवा' असं दिसायला पाहिजे. सर्व्हलेटमध्ये हे काम एका दमात होतं: विनंती आली, तपासली, चुकीचा संदेश त्याच विनंतीला चिकटवला, त्याच विनंतीवरून पान छापलं. पोर्टलेटमध्ये मी तसंच केलं. फॉर्म पाठवला की समोर कोरा फॉर्म. ना लाल अक्षरं, ना नोंद. कारण ॲक्शनच्या फेऱ्यातली विनंती ॲक्शन संपताच गेली, आणि तिला चिकटवलेला संदेशही तिच्यासोबत गेला. रेंडरला मिळाली ती नवी विनंती. पहिल्या मानकात एका फेऱ्यातून दुसऱ्यात न्यायला अधिकृत सोय होती ती फक्त साध्या मजकुराच्या पॅरामीटरची. बाकी काही न्यायचं तर सेशनमध्ये, म्हणजे त्या वापरणाऱ्यासाठी सर्व्हर जे लक्षात ठेवतो त्यात, लपवून. दोन दिवस मी लॉग वाचत बसलो. ज्यांच्यासाठी काम चाललं होतं तिथले साहेब फोनवर म्हणाले, "तुमचा फॉर्म शेतकऱ्याचं नाव गिळतो."

बाकीची दुखणी थोडक्यात. दोन चौकटींत 'तपासा' या अर्थाचं एकाच नावाचं जावास्क्रिप्ट फंक्शन असलं तर पानावर शेवटी आलेलं फंक्शन जिंकतं, म्हणून प्रत्येक नावाला पोर्टलकडून घेतलेलं आडनाव लावायचं. आणि चौकटीतून पीडीएफ डाउनलोड करून द्यायची? जेएसआर १६८ मध्ये पोर्टलेटला तुकड्याशिवाय दुसरं काही देताच येत नव्हतं; त्यासाठी बाजूला वेगळा सर्व्हलेट लिहावा लागे. ही उणीव जून २००८ मध्ये पोर्टलेट २.० नं, म्हणजे जेएसआर २८६ नं, भरून काढली. एका चौकटीनं दुसरीला निरोप देण्याची सोयही त्यातच आली.

आता फ्रेमवर्क. स्ट्रट्स, टॅपेस्ट्री, विकेट, स्प्रिंग, जेएसएफ, ही सगळी जावाची फ्रेमवर्कं, सर्व्हलेटवर उभारलेले तयार सांगाडे. फॉर्म, तपासणी, दुवे, सेशन हे रोजचं काम ती करतात, आपण फक्त आपला धंदा लिहायचा. यातल्या बहुतेकांचं आरसीसी ओतताना एक गोष्ट गृहीत धरली होती: घर आपलं आहे. पायातच सर्व्हलेटची विनंती पुरलेली. आणि जावामध्ये पोर्टलेटची विनंती ही सर्व्हलेटच्या विनंतीची लेक नाही. दोघींच्या मेथड दिसायला बहिणी-बहिणी, नातं काहीच नाही. एकीच्या जागी दुसरी दिली की कंपायलर हात वर करतो.

म्हणून कुणी म्हणालं, "आपल्यात पोर्टलेट सपोर्ट टाकू या," की भांडण ठरलेलंच.

मागणी करणाऱ्यांची बाजू ऐका, कारण ती अनेकदा हसण्यावारी नेली गेली. हा माणूस हौस म्हणून मागत नसतो. त्याच्या कंपनीनं पोर्टल आधीच विकत घेतलंय, लाखो रुपये मोजून, त्याला न विचारता. वरून फर्मान आहे: नवं जे काही लिहाल ते पोर्टलमध्ये बसलं पाहिजे. त्याला तुमचं फ्रेमवर्क आवडतं, पण यादीत 'पोर्टलेट: नाही' असं दिसलं की साहेब दुसरं उचलतात. तो म्हणतो, जेएसएफकडे आहे, स्ट्रट्सकडे आहे, आपण का मागं राहायचं? मी त्या काळात याच बाजूला होतो आणि मला ती मागणी आजही रास्त वाटते.

विरोध करणारे होते ते गाभ्याचं कोड रोज सांभाळणारे. त्यांचा पहिला मुद्दा तांत्रिक: विनंतीचा संबंध येतो अशी प्रत्येक जागा उकरावी लागेल, आणि ज्यांना पोर्टल कधी बघायचंच नाही अशांच्याही कोडला ते ओझं होईल. दुसरा मुद्दा मला जास्त वजनदार वाटतो. तपासणार कोण? मानक एक असलं तरी प्रत्येक पोर्टलचे लाड वेगळे. एक बग आला की ते अवजड पोर्टल आपल्या मशीनवर चढवा, तासभर वाट बघा, आणि मग कळणार की बग आपला नाही, पोर्टलचाच आहे. गाभ्याची मंडळी स्वतः पोर्टल वापरत नव्हती. आपण जे जेवत नाही ते रोज रांधायचं, असा तो प्रकार. तिसरा मुद्दा वेळेचा. पहिलं मानक तोकडं आहे, दुसरं येऊ घातलंय. आत्ता जुन्यासाठी खपलो तर वर्षा-दोन वर्षांत पुन्हा नव्यानं खपावं लागणार.

अपाचीच्या छत्राखालच्या प्रकल्पांत अशा वेळी मत देण्याची रीत आहे: बाजूनं असाल तर +१, विरोधात असाल तर -१, तटस्थ असाल तर ०. कोडमधल्या बदलाला कुणी तांत्रिक कारण देऊन -१ दिलं तर तो नकाराधिकार ठरतो. वाचायला हे फार कडक वाटतं. प्रत्यक्षात -१ ची वेळ क्वचित येते. कारण दहा जणांनी उत्साहानं +१ दिलं की अकरावा हळूच विचारतो, "छान. लिहिणार कोण, आणि तो माणूस गेल्यावर राखणार कोण?" बैल घ्यायला सगळं गाव बाजाराला जातं, वैरण टाकायला पहाटे एकटाच उठतो.

वाद व्हायचा तो झाला, पण निरनिराळ्या फ्रेमवर्कांनी वाटा निरनिराळ्या काढल्या, आणि त्या वाटांवरून त्यांचे स्वभाव कळतात.

जेएसएफनं आरंभीच शहाणपण केलं. २००४ च्या पहिल्या आवृत्तीपासून त्यांनी सर्व्हलेट आणि पोर्टलेट दोघांवर एक पडदा टाकून ठेवला होता. गाभा त्या पडद्याशीच बोलतो, पलीकडे कोण आहे ते विचारत नाही. शिवाय जेएसएफचं काम मुळातच सहा टप्प्यांत चालतं. पहिले पाच ॲक्शनमध्ये, सहावा, पान दाखवण्याचा, रेंडरमध्ये. जणू मापानं शिवलेलं. तरीही दोघांना जोडणारा पूल कसा असावा यासाठी जेएसआर ३०१ आणि ३२९ अशी दोन स्वतंत्र मानकं लागली. मापानं शिवलेल्या सदऱ्यालाही इतकं अल्टरेशन, तर बाकीच्यांचं काय झालं असेल!

स्प्रिंगनं जुळं जन्माला घातलं. २००६ च्या २.० आवृत्तीत नेहमीच्या वेब भागाशेजारी पोर्टलेटसाठी समांतर दुसरा भाग आला, तशाच रचनेचा, वेगळ्या कोडचा. गाभ्याला धक्का नाही, पण एकाच्या अंगात सुधारणा केली की दुसऱ्याच्या अंगातही करायची, हे आलंच. स्ट्रट्स २ नं प्लगइनची वाट धरली: हवं त्यानं जोडावं.

विकेटची गोष्ट मला जवळून माहीत आहे, कारण मी ते वापरत होतो. २००८ च्या जानेवारीत आलेल्या १.३ मध्ये पोर्टलेटची सोय होती ती वेष पालटून: पोर्टलेटच्या विनंतीला सर्व्हलेटचे कपडे चढवायचे आणि आत सोडायची. फ्रेमवर्कला वाटतं, आपण आपल्याच घरात आहोत. यात एक योग फार सुंदर जुळला. फॉर्म आला की काम करायचं आणि ब्राउझरला लगेच दुसऱ्या पत्त्यावर वळवायचं, म्हणजे रिफ्रेशनं काम दुबार होत नाही, ही विकेटची मूळचीच सवय. नीट बघितलं तर पोर्टलेटचे दोन फेरे म्हणजे तेच, फक्त वळवण्याचं काम पोर्टल करतं. पण कपडे चढवलेला माणूस कधीतरी पकडला जातोच. विकेटला प्रत्येक घटकाची जावास्क्रिप्ट आणि सीएसएस (रंगरूप ठरवणारं कोड) पानाच्या हेडमध्ये नेऊन ठेवायची असते. बिऱ्हाडकरूला हेडला हात लावायची मुभा नाही. जेएसआर २८६ नं त्यासाठी एक सोय दिली, तीही ऐच्छिक, म्हणजे पोर्टलच्या मर्जीवर.

मग १.५ आलं, २०११ मध्ये. विनंती हाताळण्याचा गाभाच मुळापासून नवा लिहिला होता. जुने कपडे नव्या अंगाला बसेनात, आणि शिवायला बसणारं गाभ्यात कुणी नव्हतं. पोर्टलेटची सोय गाभ्यातून निघाली आणि विकेटस्टफ या बाजूच्या संग्रहात गेली. विरोध करणाऱ्यांनी जो प्रश्न विचारला होता, राखणार कोण, त्याचं उत्तर असं मिळालं. मतदान न होता.

स्प्रिंगच्या जुळ्यानं त्याहून सहा वर्षं जास्त काढली. २०१७ साली पोर्टलेट ३.० हे नवं मानक पूर्ण झालं, आणि त्याच वर्षी स्प्रिंग ५ नं आपला पोर्टलेट भाग काढून टाकला. एकीकडे नवा दिंडी दरवाजा बसवला, दुसरीकडे जुनं बिऱ्हाड उठलं. तोवर ब्राउझरच इतका शहाणा झाला होता की चौकटी सर्व्हरवर जोडायची गरज कमी झालेली. प्रत्येक चौकट आपापली माहिती परस्पर आणू लागली.

भाच्यानं इथं मला अडवलं. "म्हणजे नाही म्हणणारेच बरोबर होते ना, मामा?"

गाभ्यात नको म्हणणारे बरोबर होते, असं मला आता वाटतं. सोयच नको म्हणणारे चूक होते. ज्या माणसाला २००७ मध्ये सोमवारी सकाळी पोर्टलमध्ये काम करून दाखवायचं होतं, त्याला 'दहा वर्षांनी हे जाणार आहे' हे ऐकवून काय उपयोग? त्याला गाभ्यात दोन-चार खुंट्या हव्या होत्या, जिथं तो आपलं बिऱ्हाड अडकवू शकेल; सामान त्यानं स्वतः आणलं असतं. जिथं अशा खुंट्या होत्या तिथं भांडण लवकर मिटलं. आणि तू ज्याला मायक्रो-फ्रंटएंड म्हणतोस ना, वेगळ्या टीमच्या चौकटी, एकच पान, नावांची टक्कर, पत्त्याचा मालक कोण, ते बघून मला आजोबांची दिंडी आठवते.

ते त्याला फारसं पटलेलं दिसलं नाही. त्याची पंचाईत वेगळी होती. त्याच्या पोर्टलमध्ये एका चौकटीतला 'पुढे' हा दुवा दाबला की अख्खं पोर्टल गायब व्हायचं आणि ती एकच चौकट पांढऱ्या पानावर उघडी पडायची. मी म्हटलं, दाखव. फाइल उघडली. आठ-दहा ओळींखाली कुणीतरी दुव्याचा पत्ता हातानं लिहून ठेवला होता, तिरकी रेघ, फोल्डर, पानाचं नाव. 'मार्फत' गाळून.

त्यानं ती ओळ खोडली, पोर्टलकडून पत्ता मागणारी लिहिली, चढवली, दुवा दाबला. चौकट बदलली, बाकीचं पान जागच्या जागी. आई आमरसाची वाटी घेऊन ओट्यावर आली तोवर तो तसे आणखी पत्ते शोधत होता. स्क्रीनच्या कोपऱ्यात आकडा आला: ३७.

"आधी जेव," बहीण आतून ओरडली.